जड मनाने नाताळात शिरताना: पहिल्यांदाच अशा सणाला सामोरं जाणाऱ्यांसाठी

ज्या घरातलं माणूस या वर्षात गेलं, त्या घरात डिसेंबर लागला की कुणीतरी हळूच विचारतं, "यंदा नाताळचा तारा लावायचा का?" पटकन कुणी उत्तर देत नाही. शेजारच्या गॅलरीत दिवे लागलेले असतात, चर्चच्या आवारात नाताळगीतांचा सराव चालू असतो, बेकरीत केकच्या ऑर्डरी घेतल्या जात असतात, आणि आपल्याला हे सगळं कधी एकदा उरकतंय असं झालेलं असतं. वर अपराधीही वाटतं, की प्रभूच्या जन्माच्या सणात आपलंच तोंड का उतरलेलं?

हे लिहिते आहे ते अशा माणसांसाठी. घरात मृत्यू झालेला असायलाच हवा असं नाही. मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी, घरातलं लांबलेलं दुखणं, मूल होत नसल्याचं दुःख, आखातात किंवा जहाजावर काढावा लागणारा सण, किंवा ज्याचं कारणही सांगता येत नाही अशी खिन्नता, काहीही असेल. मी कॅथलिक रीतीत वाढले, म्हणून इथे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि आगमनकाळ (नाताळआधीचे साधारण चार आठवडे) हे शब्द पुन्हा पुन्हा येतील. प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या वाचकांनी आपल्या उपासनेप्रमाणे बदल करून घ्यावा. पद्धत तीच राहते.

माझं म्हणणं एवढंच आहे की उदासी सोबत घेऊनच नाताळात शिरता येतं. नाताळच्या गोष्टीत तिच्यासाठी पहिल्यापासून जागा आहे. ती जागा शोधून तिथे जाऊन बसणं हीसुद्धा भक्ती आहे.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवू. "देवाने असं का केलं?" या प्रश्नाचं उत्तर या चार आठवड्यांत मिळवायचंच, असा हट्ट धरू नका. "देवाची इच्छा" म्हणून दुःखावर झाकण घालणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मेलेल्या मित्राला, लाजरसला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असतानाही, त्याच्या कबरीकडे जाताना येशू रडला. योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ते दोनच शब्दांत लिहून ठेवलं आहे. ज्याला पुढचं सगळं माहीत होतं तोही रडला, तर आपल्याला रडण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पहिली पायरी: दुःख नेमकं कशाचं, ते कागदावर लिहा

आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्याच्या आदल्या दिवशी एक कागद घ्या आणि एक वाक्य लिहा. "मला उदास वाटतं" एवढ्याने भागत नाही. "संध्याकाळी दारात त्यांच्या चपलांचा आवाज येत नाही", "आईच्या हातचा दोदोल यापुढे कधी मिळणार नाही", "मुलगा फोन उचलत नाही", असं काहीतरी हवं. दुःख जितकं नेमकं लिहाल, तितकी प्रार्थना सोपी जाते, कारण देवापुढे नेमकं काय ठेवायचं ते हातात येतं.

त्या कागदासोबत आणखी एक वस्तू ठेवा असं मी सुचवेन: त्या माणसाचं हस्तलिखित. किराणा मालाची यादी, पासबुकावरची सही, जुन्या प्रार्थनेच्या पुस्तकावर लिहिलेलं नाव, काहीही चालेल. ही कल्पना माझी नाही. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला ज्यांचं फेस्त (सणाची जत्रा) भरतं ते संत फ्रान्सिस झेवियर १५४६ साली आजच्या इंडोनेशियातल्या आंबोइना बेटावर होते, युरोपातल्या सोबत्यांपासून महिनोनमहिन्यांच्या अंतरावर. त्यांनी आलेल्या पत्रांतून मित्रांच्या स्वहस्ते केलेल्या सह्या कापून घेतल्या होत्या आणि त्या ते कायम अंगावर बाळगत. तसं त्यांनी स्वतःच पत्रात कळवलं आहे. एवढा मोठा मिशनरी, आणि मित्रांची आठवण काढायला त्याला कागदाचे कपटे लागत होते. पुढे १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, पलीकडे नेणाऱ्या होडीची वाट पाहता पाहता, त्यांचा अंत झाला. ती होडी आलीच नाही. त्यांचा सण आगमनकाळाच्या तोंडाशी येतो, तेव्हा वाट पाहणं नेहमी फळाला येतंच असं नाही, हेही मनात असू द्यावं.

दुसरी पायरी: काय करायचं आणि काय नाही, ते आधीच ठरवा

पहिल्या रविवारी जेवण झालं की घरातल्या सगळ्यांनी बसायचं. २३ तारखेला, डोळे भरलेले असताना आणि हातात पिठाचा गोळा असताना घेतलेले निर्णय भांडणं लावतात. कागदावर तीन रकाने पाडा: करायचं, यंदा नाही, दुसऱ्याकडे सोपवायचं.

दुखवट्याच्या वर्षी तारा न लावणं, गोडधोड न करणं ही रीत गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात अनेक घरं पाळतात. ती पाळावीशी वाटली तर खुशाल पाळा. त्या रीतीची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते: ज्या घरात कढई चढत नाही, तिथे शेजारून ताट येतं. वर क्रोशाचा रुमाल, खाली नेवऱ्या, कुलकुल, केकचे दोन तुकडे. देणारी बाई दारातच म्हणते, "यंदा तुम्ही काय करू नका, आम्ही आहोत." ते ताट संकोच न करता घ्या. लगेच परत काही द्यायला हवं म्हणून धडपडू नका. दुसऱ्याकडून घेता येणं हासुद्धा या सणाचा अभ्यास आहे, आणि दात्या स्वभावाच्या माणसांना तो सर्वांत कठीण जातो.

घरात लहान मुलं असतील तर प्रश्न वेगळा. त्यांना विचारा. बहुतेक वेळा त्यांना सगळं नको असतं, एखादीच गोष्ट हवी असते: तारा, किंवा काट्याच्या पाठीवर कुलकुल वळणं. तेवढं करा. एकाला सगळं पूर्वीसारखं हवं असतं आणि दुसऱ्याला काहीच नको असतं, असंही घरोघरी होतं. तेव्हा प्रत्येकाने एकच गोष्ट निवडावी आणि बाकीच्यांनी ती मान्य करावी.

माझं मत विचाराल तर गोठा मात्र सोडू नका. दिवे, फुगे, झगमगाट वगळा, पण गव्हाणी मांडा. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव असा देखावा उभा केला, तेव्हा त्यांना लोकांना त्या बाळाचे हाल डोळ्यांनी दाखवायचे होते. बाळाला लागणाऱ्या साध्या वस्तूही तिथे नव्हत्या, हे बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. दुःखात असलेल्या माणसाला तो गोठा फार जवळचा वाटतो.

आणि एक सावधगिरी. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक लॉयोलाचे संत इग्नाशियस यांचा नियम आहे की मन उजाड झालेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. घर विकायचं, नातं कायमचं तोडायचं, चर्चला जाणं सोडायचं, असे विचार डिसेंबरात आले तर लिहून ठेवा आणि फेब्रुवारीत पुन्हा वाचा.

तिसरी पायरी: चार आठवडे, चार स्तोत्रं

हिरव्या पानांचं कडं आणि त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, हे आता आपल्याकडच्या चर्चमध्ये सर्रास दिसतं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान विखेर्न नावाच्या पाळकांनी १८३९ साली अनाथ मुलांसाठी मेणबत्त्यांचं असं चक्र केलं होतं. ती मुलं "नाताळ कधी?" म्हणून सारखी विचारत असत. घरी कडं करायला आंब्याची किंवा अशोकाची पानं चालतात. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर साध्या पांढऱ्या लावा.

रोज रात्री, शक्य तर त्याच वेळी, मेणबत्ती लावून बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. मनातल्या मनात नको. स्वतःचा आवाज कानावर पडू द्यायचा. आठवडाभर तेच स्तोत्र.

पहिल्या आठवड्यात तेरावं. सहाच ओव्यांचं आहे आणि "कोठवर?" या प्रश्नाने सुरू होतं. देवा, तू मला कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, असं स्तोत्रकर्ता दावीद राजा थेट विचारतो. वाचून झालं की तुमचं "कोठवर" तुमच्या शब्दांत बोला. देवाशी असं बोलणं उद्धटपणाचं वाटेल. आपल्या मराठी मातीत ते नवं नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठोबाशी भांडले, त्याला बोल लावले, आणि ते भांडण लोक शेकडो वर्षं टाळ वाजवून गातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. तो पूल आपल्या प्रार्थनेलाही वापरता येतो.

दुसऱ्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशीवं. हे वाचायला धीर लागतो. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारावरच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. ज्या रात्री विश्वासाचा एक शब्दही मनापासून म्हणता येत नाही, त्या रात्रीसाठी ते राखून ठेवलं आहे असं मी मानते. वाचून झाल्यावर शेवटी काही चांगलं जोडू नका. "आमेन" म्हणा आणि थांबा.

तिसरा रविवार आनंदाचा मानला जातो, त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती लागते. दुःखी माणसाला हा रविवार टोचतो. आनंदी होण्याचा आव आणू नका, मेणबत्ती तेवढी लावा. या आठवड्यासाठी एकशे सव्विसावं स्तोत्र घ्या. त्यात अश्रू ढाळत पेरणाऱ्यांबद्दल सांगितलं आहे. घरातलं धान्य संपत आलेलं असताना उरलेलं बी मातीत टाकायला जाणारा शेतकरी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तो का रडतो ते कळतं. तो रडतो आणि पेरतोही. या आठवड्यात तुमच्याकडून एवढंच अपेक्षित आहे: रडत असताना एक छोटं काम करायचं. कुणाला फोन, एखाद्या आजाऱ्याला भेट, कपाटातले त्यांचे स्वेटर धुऊन गरजूला देणं.

चौथ्या आठवड्यात एकशे तिसावं. पहारेकरी पहाटेची वाट पाहतो, त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असा त्याचा आशय आहे. रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालायचं.

इथेच एक स्पष्ट सांगते, कारण ते शेवटी सांगितलं तर उशीर होईल. दुःख आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, अंथरुणातून उठवत नाही, किंवा जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर मेणबत्ती आणि स्तोत्र पुरेसं नाही. डॉक्टरकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट चालते आणि मराठीतही बोलता येतं. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता असं ख्रिस्ती मंडळी फार पूर्वीपासून मानत आली आहे.

चौथी पायरी: तीच गोष्ट, दुःखी माणसांच्या बाजूने वाचा

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आणि मत्तयच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन. एवढाच मजकूर, पण दरवर्षी आपण त्यातले देवदूत आणि मेंढपाळ तेवढे उचलतो. यंदा बाकीची माणसं बघा.

जखऱ्या आणि अलीशिबा म्हातारे झालेले, मूलबाळ नाही, लोकांची बोलणी खाल्लेली. मूल होईल असं देवदूताने येऊन सांगितलं तरी जखऱ्याचा विश्वास बसत नाही, आणि बाळाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा बंद राहते. दुःखात तोंडातून शब्द न फुटणाऱ्यांनी जखऱ्याच्या शेजारी बसावं. योसेफाने मरीयेला गुपचूप सोडायचं ठरवलं होतं; विश्वास तुटल्याची रात्र कशी असते ते त्याला माहीत आहे. मग नासरेथ ते बेथलेहेम, शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास, दिवस भरलेले, आणि उतारशाळेत जागा नाही. बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. पहिलं बाळंतपण, आणि शुभवर्तमानात तिच्या आईचा उल्लेखही नाही. माहेरापासून दूर नाताळ काढणाऱ्या मुलींनी ही ओळ सावकाश वाचावी.

हन्ना संदेष्टीवर थोडं थांबा. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याचा सहवास, आणि मग वैधव्य, जे ती चौऱ्याऐंशी वर्षांची झाली तरी चालूच होतं. यरुशलेमचं मंदिर सोडून ती कुठे गेली नाही. तिने दुःख विसरल्याचं लूक कुठेच म्हणत नाही. ते दुःख घेऊन ती रोज प्रार्थनेला बसली, आणि बाळ मंदिरात आणलं त्या वेळी ती तिथे होती, एवढंच तो सांगतो. माझ्या दृष्टीने अख्ख्या नाताळच्या गोष्टीत उदास माणसासाठी याहून मोठं उदाहरण नाही.

वाचायची पद्धत इग्नाशियस यांची. ते सांगतात की गोठ्यात स्वतःला एका गरीब, अपात्र सेवकाच्या जागी कल्पावं, तिथल्या माणसांकडे बघावं, त्यांच्या गरजा पुरवाव्यात. डोळे मिटा. गोठ्यात वास कसला येतोय, जमीन ओली आहे का, योसेफ काय शोधतोय ते बघा. मग तुमच्या हाताला काम द्या: पाणी आणा, गवत सारखं करा. काम करता करता कागदावर लिहिलेलं ते वाक्य मरीयेला सांगा आणि थोडा वेळ तिचं ऐका. पंधरा मिनिटं पुरे. पहिल्या दिवशी मन भटकेल. भटकू द्या आणि परत आणा.

पाचवी पायरी: सर्वांत लांब रात्रीची प्रार्थना

पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याच चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास शोकात असलेल्यांसाठी वेगळी, शांत उपासना होते. त्या दिवशी तिथे वर्षातली सर्वांत लांब रात्र असते. आपल्याकडे मुंबईतही ती रात्र सुमारे १३ तासांची असते. तुमच्या चर्चमध्ये अशी उपासना नसेल तर फादरांना किंवा पाळकसाहेबांना विचारून बघा, एरवी घरी करा. तीन-चार माणसं पुरतात, एकट्यानेही चालतं.

रात्रीचं जेवण लवकर आटपा. घरातले दिवे आणि फोन बंद करा. सगळे अंधारात बसा, थोडा वेळ काही बोलू नका. मग एकाने एक मेणबत्ती लावायची आणि एकशे तिसावं स्तोत्र वाचायचं. त्यानंतर प्रत्येकाने गेलेल्या किंवा दुरावलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्याबद्दल एकच आठवण सांगायची. आठवण मोठी असू नये: ते चहात बिस्किट किती वेळ बुडवत, ती कुठलं गाणं चुकीचं म्हणे. हसू आलं तर येऊ द्या. ज्याला बोलायचं नाही त्याने आपली मेणबत्ती लावून नुसतं बसावं. मग यशयाच्या नवव्या अध्यायातला अंधारात चालणाऱ्या लोकांचा भाग, तोच भाग नाताळच्या रात्रीच्या मिस्सेत वाचला जातो. पुढे एक गाणं. घरात टिळकांची भजनं म्हटली जात असतील तर त्यांतलं एखादं. शेवटी प्रभूची प्रार्थना. अर्ध्या तासात आटोपतं. नंतर लगेच उठून भांड्यांना लागू नका, कुणीतरी चहा करावा.

आखातात नोकरीला असलेल्यांना हे व्हिडिओ कॉलवर जमतं. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, तेवढं वेळ ठरवताना ध्यानात घ्या.

सहावी पायरी: नाताळची मिस्सा आणि भेटणारी माणसं

मध्यरात्रीच्या मिस्सेला जायलाच हवं असं नाही. २५ तारखेची सकाळची मिस्सा तितकीच पूर्ण असते, गर्दीही कमी असते. रात्री गेलात तर बाजूच्या दाराजवळच्या बाकावर बसा, म्हणजे गळा दाटून आला की बाहेर जाऊन पुन्हा आत येता येतं. सोबत एक असं माणूस न्या ज्याला काही समजावून सांगावं लागत नाही. गाता आलं नाही तर गाऊ नका. बाकीचे गातात ते तुमच्या वतीनेही असतं. मंडळी म्हणून एकत्र जमण्याचा अर्थ मी तरी असाच घेते.

बाहेर पडल्यावर लोक भेटतील. "हॅपी ख्रिसमस" म्हणतील, आणि कुणी "ते आता देवाघरी सुखात आहेत, रडायचं नाही" असंही म्हणेल. वाईट हेतूने कुणी बोलत नाही, पण ते ऐकून अंगाला ओरखडा उठतो. एक वाक्य आधीच तयार ठेवा: "तुम्हालाही नाताळच्या शुभेच्छा. आमच्यासाठी प्रार्थना करा." एवढं म्हणून पुढे चालू लागा.

आणि जे भेटायला येणार आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. ते टाळलंत तर घरच्यांना वाटतं की सगळे त्याला विसरले.

सातवी पायरी: दुपारचं जेवण आणि रिकामी खुर्ची

सगळ्यांत अवघड वेळ बहुतेकांना हीच जाते. खुर्ची ठेवायची की उचलायची? ठेवावी असं मला वाटतं, पण त्यावर नंतर कुणालातरी बसवावं: वसतिगृहात अडकलेला विद्यार्थी, गावी जाऊ न शकलेला वॉचमन, एकटी राहणारी शेजारीण. हे न झेपणारं वाटलं तर खुर्ची रिकामी असू द्या.

डीट्रिख बोनहोफर हे जर्मन पाळक हिटलरच्या तुरुंगात होते. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी लिहिलं की कोठडीतलं जगणं आगमनकाळासारखं आहे. माणूस वाट पाहतो, इकडचं तिकडचं काहीतरी करत राहतो, दार मात्र बाहेरूनच उघडू शकतं. त्याच वर्षीच्या नाताळच्या सुमाराला त्यांनी मित्राला लिहिलेल्या पत्रात याहून धाडसाचं काही आहे. प्रिय माणसाची जागा कशानेही भरून निघत नाही, आणि देव ती भरतो असं म्हणणं बरोबर नाही, असं ते म्हणतात. देव ती जागा रिकामी राखतो आणि त्यामुळेच त्या माणसाशी असलेलं आपलं नातं, वेदनेसकट, जिवंत राहतं. एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिलं गेलं. सांत्वनाची पुष्कळ वाक्यं मी ऐकली आहेत, पण जेवणाच्या टेबलाशी टिकतं ते हे.

जवळचं उदाहरण हवं असेल तर केडगावचं घ्या. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षं होण्याच्या आतच पती गेले. उरली एकुलती एक मुलगी मनोरमा. रमाबाईंनी केडगावात निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनचा भार तीच पुढे उचलणार होती. १९२१ साली तीही गेली. त्या वर्षीचा नाताळ रमाबाईंनी मुलीविना काढला. तो त्यांचा शेवटचा ठरला, कारण एप्रिल १९२२ मध्ये त्यांचंही निधन झालं. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होतं ते आपण सांगू जाऊ नये. पण मुक्ती मिशन थांबलं नाही, ते आजही केडगावात चालू आहे, आणि त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या पश्चात छापून पूर्ण झालं.

आठवी पायरी: २५ तारखेनंतर थांबू नका

बाजारातला नाताळ २५ तारखेला रात्री संपतो. चर्चचा पुढे चालू राहतो, आणि उदास माणसासाठी खरं घबाड इथे आहे. २६ ला पहिला रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी जीव देणारा) संत स्तेफन. २८ ला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा दिवस. जन्माचा आनंद ओसरायच्या आत चर्च तुम्हाला कबरीपाशी नेऊन उभं करतं, आणि हे मुद्दाम आहे.

२८ ला मत्तयचा दुसरा अध्याय वाचा. तिथे यिर्मयाच्या शब्दांत राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन नाकारते. ही राहेल, याकोबाची बायको, स्वतः बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात गेलेली, उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात ती कथा आहे. "पुरे झालं आता" असं तिला मत्तय म्हणत नाही. नाताळच्या मधोमध तो तिचं रडणं तसंच ठेवतो. ज्यांचं मूल गेलं आहे, पोटातच गेलं असलं तरी, त्यांनी हा दिवस आपला मानावा. बाळाला नाव दिलं नसेल तर द्या. त्या नावाने मिस्सा सांगा. चर्चच्या वहीत ते नाव लिहिलं जाताना पाहणं, आणि वेदीवरून ते ऐकणं, यात फार मोठा दिलासा असतो.

६ जानेवारीला तीन राजांचा सण. सोनं आणि ऊद यांच्यासोबत तिसरी भेट गंधरसाची, म्हणजे एका सुगंधी डिंकाची. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात निकदेम येशूचं शरीर पुरताना हाच गंधरस घेऊन येतो. म्हणजे बाळाच्या पायांशी ठेवलेल्या भेटींत मृत्यूसाठी लागणारी एक वस्तू होतीच, आणि ती कुणी परत केली नाही. गोठा आवरण्याआधी तुमचा तो वाक्याचा कागद घडी करून गव्हाणीपाशी ठेवा. मागणं काही मागू नका, भेट म्हणून ठेवा. सणानंतर तो तुमच्या बायबलमध्ये, एकशे तिसाव्या स्तोत्रापाशी ठेवून द्या.

२ फेब्रुवारीला, नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, बाळाला मंदिरात नेल्याचा सण येतो. त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो, आणि तलवार तुझ्याही जिवात शिरेल असं शिमोन मरीयेला सांगतो ते वाचन होतं. एक मेणबत्ती घरी आणा; वर्षश्राद्धाच्या मिस्सेला ती लावता येईल. त्याच दिवशी धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात जाऊन त्या मिस्सेची तारीख नोंदवून घ्या. आधी लिहून ठेवलेले ते मोठे निर्णय आता पुन्हा वाचा.

आणि दुसऱ्या वर्षाची तयारी म्हणून थोडं लिहून ठेवा. दुसरा नाताळ पहिल्याहून सोपा जाईल असं सगळे धरून चालतात, पण तेव्हा ताटं येणं थांबलेलं असतं आणि चौकशीचे फोनही कमी झालेले असतात. म्हणून आत्ताच, आठवण ताजी असताना, यंदा कशाने हलकं वाटलं, काय अजिबात सोसलं नाही, आणि कुणाला हक्काने बोलावता येईल, हे नव्या कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानामागे लिहा.